डावीकडची सीट

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो. मोटारीतली, तीही चालवणाऱ्याची नव्हे, शेजारच्याची. चालवणाऱ्याच्या सीटला मान असतो. ती शर्यतीत जाते, वळणं बघते, धूळ खाते. शेजारच्या सीटचं नशीब वेगळं. शर्यतीच्या दिवशी तिला चार नट सोडून बाहेर काढतात आणि गवतावर ठेवतात, कारण तिचं ओझं नको असतं. ज्या दिवशी मला बोलायची सगळ्यांत जास्त गरज होती, त्या दिवशी मी गवतावर होते. आणि सीटला तोंड नसतं.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाची चौकट, त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर घोड्याच्या केसांची गादी आणि वरून तांबूस चामडं. ज्या गाईचं ते चामडं, तिचं नाव मला ठाऊक नाही. पण तिची आठवण मी रोज काढते. मला शिवणारी बाई ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत टाके घालायची. तिने माझ्या पाठीला एक खिसा शिवला, रस्त्याचा नकाशा ठेवायला. त्या खिशाला पुढे काय सांभाळावं लागणार आहे, हे त्या माउलीला कुठून कळणार?

महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. बोटीत बसून मी अमेरिकेला आले आणि विस्कॉन्सिनमधल्या एल्सबाख नावाच्या गावी पोचले. सरोवराकाठचं दुधाचं गाव. तिथे माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंची नावं माणसांपेक्षा चांगली. माझे मालक हार्लन गेस्लर गुरांचे डॉक्टर होते. युद्धात ते इंग्लंडात होते; तिथे अशी बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी त्यांनी पाहिली आणि ती मनात धरूनच घरी आले. पैसे साठले तसे त्यांनी लोकांसारखी मोठी गाडी घेतली नाही. ही घेतली.

आमच्या गाडीचं चाक उजवीकडे होतं. त्या देशात चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे बरोबर माझ्या जागी. त्यामुळे माझ्यावर जो बसेल तोच गाडी हाकतोय असं लोकांना वाटायचं. एकदा ऐन थंडीत डॉक्टरांनी एक नवं जन्मलेलं वासरू घोंगडीत गुंडाळून माझ्यावर बसवलं आणि घरी आणलं, शेकोटीपाशी ठेवायला. वाटेत दिसेल तो माणूस टोपी काढून उभा. दुसऱ्या दिवशी मिल्ट दारात येऊन म्हणाला, "काय डॉक्टर, लायसन वासराच्या नावाने काढलंत म्हणे?"

"हो तर. तुझ्यापेक्षा बरं चालवतं. आणि तोंड बंद ठेवतं," डॉक्टर म्हणाले.

हा मिल्ट म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा, ल्यूसिलचा, धाकटा भाऊ. गावच्या डेअरीत चीज करायचा. हाताला कायम ताकाचा वास, आणि जीभ कात्रीसारखी. पण मनात कपट नाही. मेहुण्याच्या गाडीवर त्याचा मेहुण्यापेक्षा जास्त जीव होता.

आणि ल्यूसिल. माझ्यावर खरा हक्क तिचा. लहान चणीची, हळू बोलणारी बाई. झाकड पडायच्या आधी दिवा लावावा तशी ती रोज पहाटे उठून जपमाळ घेऊन बसायची. तो नेम कधी चुकला नाही. पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा तिने माझी कड इतकी घट्ट धरली होती, की तिच्या बोटांच्या खुणा चामड्यात तशाच राहिल्या. पुढे तिला गाडी आवडायला लागली, पण कड धरायची सवय गेली नाही.

दरवर्षी उन्हाळा सरता सरता एल्सबाखमध्ये मोटारींच्या शर्यती व्हायच्या. वेगळं मैदान नव्हतं. ज्या रस्त्याने एरवी दुधाचे कॅन जायचे, तोच रस्ता त्या दिवशी बंद करायचे. सरोवराच्या काठाने वर, टेकडीवरून डेअरीच्या उतारावर, तिथून चर्चपाशी काटकोनात वळून परत. वळणांवर पेंढ्याचे गठ्ठे रचायचे. लोक आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून, सॉसेज भाजत बसायचे. पळवणारे सगळे हौशी. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी शाळामास्तर, कोणी पियानो विकणारा. बक्षीस म्हणून पैसा नाही. चांदीचा एक पेला आणि वर्षभर मिरवायचा मान.

आणि ज्या गाडीतून घरी परतायचं, तीच गाडी पळवायची. हीच तर त्या दिवसांची गंमत होती, मित्रांनो. शर्यतीच्या जागी पोचलं की पुढच्या दिव्यांवर चिकटपट्टीची फुली मारायची, काच आडवी करायची, जादा चाक काढायचं, आणि मला काढायचं. हे काम मिल्टचं. तो पान्याने माझे चार नट सोडायचा, तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकायचा आणि डबी माझ्या पाठीच्या खिशात सरकवायचा. शर्यत संपली की मला परत बसवायचं, डबी काढायची, चार नट आवळायचे. आणि ल्यूसिल माझ्यावर बसून घरी.

मला गवतावर ठेवल्याचं सुरुवातीला वाईट वाटलं. पण ल्यूसिल तिथेही माझ्यावरच बसायची. मांडीवर काळी पाटी, हातात खडू. डॉक्टर समोरून गेले की उभं राहून पाटी दाखवायची. दुसऱ्यांच्या बायका आकडे लिहायच्या, कितवा आहे, पुढचा किती लांब. ल्यूसिल दर फेरीला एकच शब्द लिहायची: 'सांभाळून'. पुसायची सुद्धा नाही. डॉक्टर ते वाचून हात वर करायचे आणि कधी पाचवे, कधी सातवे येऊन खुशीत घरी जायचे. असे तीन उन्हाळे गेले. मला वाटतं, ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस. सुख चालू असताना मात्र ते कोणी मला सांगितलं नाही.

चौथ्या वर्षीची गोष्ट.

सकाळी सगळे चर्चला जाऊन आले होते. मिल्ट गाडीत ओणवा होऊन माझे नट सोडत होता. डबी त्याने दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ठेवली होती. चारही नट डबीत पडले, आणि मला उचलताना त्याचं कोपर डबीला लागलं. डबी कलंडली. नट सांडले. दोन माझ्या बाजूला पडले, दोन पलीकडे, डॉक्टरांच्या सीटखाली.

मिल्टने मला गवतावर ठेवलं आणि परत वाकून शोधायला लागला. एक सापडला, दुसरा सापडला. पलीकडे हात घालून तिसरा काढला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, गाय रस्त्यावर आलीये. टेकडीवर, पार मधोमध."

आता दुसऱ्या कुठल्या गावात असं ओरडल्यावर लोक काय करतील मला माहीत नाही. एल्सबाखमध्ये सगळे धावतात. शर्यतीचे पंच धावले, डॉक्टर धावले, मिल्ट हातातले तीन नट डबीत टाकून, झाकण दाबून धावला. जाता जाता डबी माझ्या खिशात कोंबली. गाय कुणाची, कुंपण कुणी मोडलं, यावर तिकडे बराच वेळ हसणं आणि भांडण चाललं. शेवटी डॉक्टर तिच्या कानात काहीतरी बोलत तिला घेऊन खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिल्ट म्हणाला, "घ्या, पहिला नंबर गाईचा."

मग घाई झाली. गाड्या रांगेत लावा, गाड्या रांगेत लावा. गाडी गेली.

आणि माझ्या पाठीच्या खिशात तीनच नट होते.

मित्रांनो, तुम्ही कधी असं काही पाहिलंय का, की ज्याचा अर्थ फक्त तुम्हालाच कळतो आणि सांगायला तुम्हाला वाचा नाही? मी त्या गाडीच्या पोटात तीन वर्षं बसले होते. तिथली प्रत्येक फळी मला ठाऊक. ब्रेकच्या पेडलचा दांडा खालच्या फळीतल्या एका फटीतून वर येतो. फट बोटभर रुंद. डॉक्टरांच्या सीटखाली राहिलेला तो नट गाडी जोरात निघाली की मागे जाणार. ब्रेक लागला की पुढे घरंगळणार. पुढे आणि मागे, प्रत्येक वळणाला. कधीतरी तो त्या फटीपाशी येणार आणि दांडा अडवणार.

ल्यूसिल माझ्यावर बसली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. सीट काय करू शकते? एक स्प्रिंग करकरली.

"या सीटला तेल लागतंय का रे?" ती मिल्टला म्हणाली.

"तुझं वजन वाढलंय," मिल्ट म्हणाला.

पहिली फेरी झाली. डॉक्टर गेले, हात वर केला. मी जीव मुठीत धरून डेअरीच्या उताराकडे कान लावले. तिथे ब्रेकची किंकाळी ऐकू यायची, ती आली. म्हणजे अजून नाही. दुसरी फेरी. तीही ठीक. मला वाटायला लागलं की नट कुठेतरी कोपऱ्यात अडकला असेल, गालिच्याखाली गेला असेल. आशा ही अशी असते, कशावरही बसते.

त्या दिवशी गाडी कधी नव्हे ती चालत होती. पुढचे दोघे बंद पडले. शर्यत संपत आली तेव्हा डॉक्टर तिसरे होते, आणि दुसरा त्यांच्या डोळ्यांसमोर. एल्सबाखच्या माणसाने एल्सबाखच्या शर्यतीत पेला कधीच मिळवला नव्हता. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. ल्यूसिलने माझी कड घट्ट धरली.

मिल्ट तिच्या कानाशी आला. "अगं बाई, आज तरी ते 'सांभाळून' पूस. नवरा शर्यतीला पाठवलायस की बाळंतपणाला?"

"तो बघतो पाटी. दर वेळी बघतो," ती म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो. जरा धीर दे की त्याला."

तिने रस्त्याकडे पाहिलं. मग तळहाताने पाटी पुसली. खडू दोनदा मोडला. तिने लिहिलं: 'पळव'.

डॉक्टर आले. तिने पाटी डोक्यावर धरली. डॉक्टरांनी वाचली. मला गवतावरून त्यांचं तोंड दिसलं. पोरासारखं हसले ते. हात वर केला आणि गेले.

डेअरीच्या उताराकडे मी कान लावले. ब्रेकची किंकाळी आली नाही.

त्याऐवजी जो आवाज आला, तो मी तुम्हाला सांगणार नाही. ल्यूसिल उठली. पाटी माझ्यावर पडली आणि ती धावत सुटली. लोक धावले, मिल्ट धावला. मी तिथेच राहिले. संध्याकाळपर्यंत. पाटीवरचा शब्द आभाळाकडे तोंड करून होता, आणि माझ्याकडे पुसायला हात नव्हता.

डॉक्टर वाचले. गठ्ठे फोडून गाडी डेअरीच्या दगडी भिंतीवर गेली होती. पण त्यांचा उजवा पाय गुडघ्यात मोडला तो पुन्हा वाकला नाही. गुरांच्या डॉक्टरला गुडघे टेकावे लागतात, मित्रांनो. गाय अडली की गोठ्याच्या जमिनीवर, शेणात, रात्र रात्र. ते आता व्हायचं नव्हतं.

मोडकी गाडी मिल्टच्या जुन्या गोठ्यात आणून टाकली आणि तिच्याशेजारी मला ठेवलं. तिथे लोक येऊन बोलायचे ते मी ऐकायची. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "मागचा लाल दिवा लागलाच नाही. ब्रेक दाबलाच नाही त्यांनी. सरळ गेले." दुसरा म्हणाला, "बायकोने 'पळव' लिहिलं होतं म्हणे. गडी चेकाळला." कोणी दुष्टपणाने बोलत नव्हतं. पण ल्यूसिल दाराशी उभी होती, मिल्टसाठी जेवण घेऊन. तिने डबा खाली ठेवला आणि आवाज न करता परत गेली.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. मिल्टला म्हणाली, "काल रात्री तापात बडबडत होता. खाली दगड आहे, म्हणाला. दाबतोय पण दगड आहे. सारखं तेच."

"भिंत दगडाचीच होती ना, ल्यूसी. तेच डोक्यात बसलं असेल."

"हो," ती म्हणाली.

मी ओरडले. माझ्या परीने. कोणी ऐकलं नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरांना त्यातलं काहीच आठवेना. पाटी दिसली तिथपर्यंत आठवायचं, पुढे कोरं.

थंडी पडायच्या आधी मिलवॉकीचा एक माणूस गाडीचा सांगाडा विकत न्यायला आला. साखळीने गाडी वर उचलली तेव्हा तिच्या पोटातून काय काय गळून पडलं. काचा, माती, खिळे. आणि एक नट. तो घरंगळत येऊन माझ्या पायाशी थांबला. एक बाजू चेपलेली, आणि आट्यांत काळा रंग भरलेला. पेडलच्या दांड्याचा रंग.

मिल्टने झाडू मारला. तो नट त्याला दिसला. त्याने उचलला. मित्रांनो, त्याने तो उचलून उजेडात धरला.

"इंग्लिश दिसतोय," तो स्वतःशीच म्हणाला. "कशाला लागणार हा आता."

आणि फळीवरच्या काचेच्या बरणीत टाकला. सटरफटर नटबोल्टांची बरणी प्रत्येक घरी असते, तशी त्याची होती. इंग्लंडातल्या नटाचे आटे वेगळे असतात. अमेरिकेतल्या कुठल्याच बोल्टला तो बसत नाही. त्यामुळे त्या बरणीतून त्याला कोणीही, कधीही काढणार नव्हतं.

वसंतात ल्यूसिलने मला आपल्या घरी आणवलं. मागच्या ओसरीवर ठेवलं. गाडी गेली होती, पण मला कोणी मागितलं नाही.

तिथे मी तीस वर्षं काढली.

ती वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगते. पुढच्या सालापासून गावच्या रस्त्यावर शर्यती बंद झाल्या. हौशी लोकांनी दूर कुठेतरी स्वतंत्र वळणावळणाचा रस्ता बांधून घेतला. गाईंचे डॉक्टर मांजरांचे डॉक्टर झाले. टेबलावर ठेवता येईल तेवढंच जनावर. शेतकरी त्यांना वाटेत भेटून गाईंबद्दल विचारायचे, ते उभ्या उभ्या सांगायचे, आणि काठी टेकत घरी आले की बराच वेळ ओसरीवरून रस्त्याकडे बघत बसायचे. पण कडवट झाले नाहीत. उलट त्यांनी त्या अपघाताचा एक विनोद करून टाकला. पाहुणे आले, कोणी पायाचं विचारलं, की म्हणायचे, "मी आज्ञाधारक नवरा. बायकोने लिहिलं 'पळव', मी पळवली."

सगळे हसायचे. ल्यूसिल कॉफी आणायला आत जायची.

दर वेळी. कॉफी समोर असली तरी. हे डॉक्टरांच्या कधी लक्षात आलं नाही. विनोद करणाऱ्याचं लक्ष हसणाऱ्यांकडे असतं.

पहाटेची जपमाळ ती आता माझ्या शेजारी, ओसरीच्या पायरीवर बसून ओढायची. त्या गुडघ्यासाठी. दर शनिवारी माझं चामडं तेल लावून पुसायची, टाके तपासायची, उंदराने घर केलंय का बघायची. पण माझ्यावर ती एकदाही बसली नाही. तो तिने स्वतःला घालून घेतलेला दंड होता. कुत्रं बसायचं, मिल्ट बसायचा, पाद्रीसाहेब बसले एकदा. ती पायरीवर.

मला हलवताना खिशातली डबी खुळखुळायची. मी मुद्दाम खुळखुळवायची म्हणा ना. तीन, तीन, तीन. ती ऐकायची आणि खिशावरून हात फिरवायची. आत नट आहेत हे तिला माहीत होतं. नट मोजायचे असतात हे कुणाच्या डोक्यात येतं?

मग एका वैशाखातल्यासारख्या उन्हाच्या दिवशी ग्वेन आली. मॅडिसनला भूगोल शिकवणारी एक तरुण बाई. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचं वेड आता लोकांना लागलं होतं, आणि आमची गाडी हातोहात फिरत तिच्याकडे आली होती. तिने सगळं जमवलं होतं. चाकं, काच, दिवे. एक डावी सीट तेवढी नव्हती. विचारत विचारत ती एल्सबाखला पोचली.

मिल्ट तिच्याबरोबर आला. डोक्यावर केस नव्हते, पण जीभ शाबूत. काखेत ती बरणी. "म्हटलं, इंग्लिश सामान काय असेल ते हिच्यातच. घेऊन टाक बाई, माझ्या घरात जागा करशील."

ग्वेनने मला उजेडात ओढलं, चामड्यावरून हात फिरवला. "इतकी छान कशी राहिली हो ही?"

"राहिली," ल्यूसिल म्हणाली.

"आणि नट?"

"आहेत की. मीच ठेवलेत." मिल्टने माझ्या खिशातून डबी काढली. झाकण गंजलं होतं. त्याने दाताने उघडलं. तळहातावर ओतलं. "घ्या. एक, दोन, तीन."

"चार हवेत," ग्वेन म्हणाली.

"चारच होते." त्याने डबी उलटी करून आपटली. मग हसायला लागला. "हां, आठवलं. डबी कलंडली होती माझ्या हातून, गाडीत. गोळा करतोय तोवर गाय सुटली. डॉक्टर, आठवते का ती गाय? राहिला असेल एखादा तुमच्या सीटखाली."

"गाय आठवते. पहिला नंबर आला होता तिचा," डॉक्टर खुर्चीतून म्हणाले.

दोघे हसले. मिल्ट हसत हसत बोलला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

ल्यूसिलच्या मांडीवर बरणी होती. ग्वेनला मदत म्हणून ती एकेक नट काढून बघत होती, जपमाळेचे मणी ओढावेत तसे. तिचा हात थांबला. थोडा वेळ ती डॉक्टरांच्या काठीकडे बघत राहिली. ओठ हलले. 'दगड' असं म्हणाली असावी, पण आवाज नव्हता. मग तिने पुन्हा बरणीत बोटं घातली. आता ती भराभर शोधत होती. आणि तो वर आला. एक बाजू चेपलेली, आट्यांत काळा रंग. तिने अंगठ्याने तो रंग घासला. पुन्हा घासला.

माझ्या सगळ्या स्प्रिंगा ताणल्या गेल्या. तीस वर्षं मी ज्या एका क्षणाची वाट पाहिली, तो समोर होता. आता ती बोलेल. आता सगळ्यांना कळेल की तिच्या पाटीने काही झालं नव्हतं. ब्रेक दाबला गेला होता, खालून नट आडवा आला होता, पेडल हललंच नव्हतं.

"सापडला का गं?" मिल्टने विचारलं. "एखादा इंग्लिश होता बघ त्यात. मीच टाकला होता कधीतरी."

ल्यूसिलने भावाकडे पाहिलं. टक्कल पडलेला, सत्तरीला टेकलेला तिचा धाकटा भाऊ. या घरचं लाकूड दर हिवाळ्यात फोडून देणारा. डॉक्टरांना काखेत धरून चर्चच्या पायऱ्या चढवणारा. तीस वर्षं ती जे ओझं घेऊन चालली होती ते किती जड असतं, हे त्या ओसरीवर फक्त तिलाच माहीत होतं.

तिने मूठ मिटली.

"नाही," ती म्हणाली. "हा आपल्याकडचाच आहे. तो नाही सापडत."

उभ्या आयुष्यात ती खोटं बोललेली मी ऐकलं नव्हतं. मूठ एप्रनच्या खिशात गेली, जपमाळ असायची त्या खिशात, आणि रिकामी बाहेर आली.

"काही हरकत नाही, मी नवा करून घेते," ग्वेन म्हणाली. मग जरा चाचरत तिने डॉक्टरांना विचारलं, "तो अपघात झाला कसा?"

डॉक्टरांनी काठी सरळ केली. डोळे चमकले. "मी आज्ञाधारक नवरा. बायकोने लिहिलं 'पळव', मी पळवली."

मिल्ट हसला. ग्वेनही हसली. मी ल्यूसिलच्या पावलांची वाट पाहत होते, आत, कॉफीकडे.

ती उठली. दोन पावलं चालली, आणि माझ्यावर बसली. जपून, पाठ ताठ ठेवून. तिची बोटं आपोआप माझ्या कडेवर गेली, त्याच जुन्या खुणांवर. म्हातारी झाली होती. वजन वासराएवढंच होतं.

"पळव लिहिलं होतं," ती म्हणाली. "डेअरीत घुसव नव्हतं लिहिलं."

डॉक्टरांना जे हसू लोटलं, ते ठसका लागेपर्यंत थांबेना. "तीस वर्षं लावलीस गं उत्तर द्यायला," ते डोळे पुसत म्हणाले.

"विचार करत होते," ती म्हणाली.

संध्याकाळी ग्वेनने मला तिच्या गाडीत घातलं. ल्यूसिलने शेवटचं एकदा माझ्यावरून फडकं फिरवलं. पुढे तिने डॉक्टरांना एकांतात सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी तिथून निघाले होते. आम्हा वस्तूंना अर्ध्या गोष्टी अशाच सोडून जावं लागतं.

आता मी पुन्हा माझ्या गाडीत आहे. ग्वेन रविवारी आम्हाला फिरवते, पळवत नाही. माझे तीन नट जुने आहेत आणि एक नवा.

मित्रांनो, मी सीट आहे. मोठं काही सांगायची माझी पायरी नाही. एवढंच मागते. काही उघडलंत तर किती निघालं ते मोजा, आणि मिटताना पुन्हा मोजा. गाय सुटली तरी आधी मोजा, मग धावा. तुमच्या घरात कोणी एकाच विनोदाला दर वेळी उठून आत जात असेल, तर एकदा तिच्या मागे आत जा. आणि आमच्यासारख्या मुक्या वस्तू कधी करकरल्या, खुळखुळल्या, तर नुसतं तेल घालू नका. वाकून बघा.

चौथा नट कुठे आहे, हे इतके दिवस आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता तुम्हालाही आहे. मिल्टला मात्र सांगू नका.